दोन वेढे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं ग्राइंडिंगचं शॉप आहे. दोन सरफेस ग्राइंडर, एक सिलिंड्रिकल, चार माणसं. आमच्याकडं माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतं. शाफ्ट १० मायक्रॉननं बारीक झाला की जॉब भंगारात, वर पार्टीच्या शिव्या. असल्या धंद्यातल्या माणसानं एका रात्री काही माप न बघता जवळजवळ अख्खं जायफळ किसून दुधातनं घेतलं, हे मी वर्षभर चारचौघांत सांगितलं नव्हतं. आता लाज जरा कमी झालीय.

झालं असं की त्या हिवाळ्यात झोप उडाली होती. एका पार्टीकडं चार महिन्यांचं बिल अडकलेलं, बँकेचा हप्ता डोक्यावर. अंग टाकलं की डोळा लागायचा, पण रात्री अडीचला कुणी हाक मारल्यासारखी जाग यायची. मग पहाटे घंटागाडीचं गाणं ऐकू येईपर्यंत छताकडं बघत पडायचं. फोन हातात घेतला की त्यालाही कळलेलं असायचं, ह्या माणसाला झोप नाही. लगेच गोळ्यांच्या बाटलीची जाहिरात: अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, सगळं एकाच गोळीत. रात्री झोप, दिवसा एकाग्रता, पहाटे उत्साह. एकाच मशीनवर टर्निंग, मिलिंग आणि ग्राइंडिंग करून देतो म्हणणाऱ्या सेल्समनची मला जी भीती वाटते, तीच ह्या बाटलीची वाटली. घेतली नाही. शहाणपणा माझा तेवढाच.

कारण घरात जायफळ होतं. पुरणपोळी खाऊन ज्याला दुपारी झोप आली नाही असा माणूस कोल्हापुरात दाखवा. लहानपणापासून मी त्याचं श्रेय पुरणातल्या जायफळाला देत आलोय. (चार पोळ्या, वाटीभर तूप, गुळवणी आणि वर कटाची आमटी ह्यांचा त्यात काही वाटा असेल असं कधी मनात आलं नाही.) तेव्हा पहिल्या रात्री दुधात चिमूटभर किसून घेतलं. काही नाही. आठवड्यानं पाव जायफळ. किंचित जड वाटलं, तेवढंच. आणि मशीनचा माणूस काय करतो? काम सरकंना की फीड वाढवतो. एका शनिवारी रात्री ११ वाजता किसणी घेऊन बसलो आणि बोटं किसणीला लागेपर्यंत किसत गेलो.

तासभर काही झालं नाही. फसवणूक तिथंच असते, कारण जायफळ उशिरा चढतं, काही तास घेतं. पहाटे तीनला जाग आली तेव्हा तोंडात लाकडाचा भुसा भरल्यासारखं कोरडं. छातीत ठोके असे की पलंग हलतोय वाटावं. उठून पाणी प्यायला गेलो तर स्वयंपाकघर लांबच लांब झालेलं, आणि पाय माझे नाहीत, भाड्यानं आणलेत असं वाटत होतं. बायकोनं दिवा लावला, तोंडाकडं बघितलं आणि एकच विचारलं, "अहो, तुम्ही काय घेतलंय?" मी खरं सांगितलं. तिला खोटं वाटलं.

हॉस्पिटलमधल्या रात्रपाळीच्या पोरसवदा डॉक्टरालाही आधी खोटंच वाटलं. तोंडाचा वास घेऊन झाला, ईसीजी झाला. मग त्यानं फोनवर कुणा सीनियरला विचारलं आणि परत आला तो जरा आदरानं. म्हणाला, "जायफळात मिरिस्टिसिन असतं. ५ ग्रॅमच्या आसपास गेलं की हेच होतं, धडधड, भास, ग्लानी. उतरायला दिवस जाईल." दिवस गेलाच. रविवारभर मी डोळे लाल करून कोपऱ्यात बसून होतो, आणि इतक्या सगळ्या खटाटोपातनं झोप म्हणाल तर ती आलीच नाही.

आईला दुपारी कळलं. ती माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"जायफळ म्हंजे काय शेंगा हायत व्हय रं, मूठभर खायाला? तुला मी तान्हेपणी किती दिलंय ठावं हाय? दोन वेढं. दोन. आन् त्ये बी हात हलका ठिवून."

वेढे. हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. देव्हाऱ्याखालच्या फळीवर आमची सहाण असते. काळ्या दगडाची, वीतभर रुंद, एका बाजूला ओघळ जायला पन्हळ. माझ्या पणजीची. त्या सहाणेवर गुटी उगाळली जायची. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, मुरडशेंग, मायफळ, जायफळ, खारीक, बदाम. प्रत्येकाची कांडी हातात धरून दगडावर पाण्यात गोल फिरवायची, एक फेरा म्हणजे एक वेढा. कशाचे किती वेढे हे पोराच्या वयावर, हवेवर आणि आदल्या दिवशीच्या लंगोटावर ठरायचं. पोट फुगलं तर वेखंड-सुंठीचा एखादा वेढा जास्त. पोर रात्रभर जागलं तर जायफळाचे दोन. ह्याच्या वर नाही. आईला आकडे आजही पाठ आहेत. गुटीतलं एकेक खोड ती डोळे मिटून नुसत्या वासावर ओळखते, पण ग्रॅम विचारलं तर हसते.

(आता बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. वेखंडाबद्दल तर जास्तच जपून राहायला हवं. माझ्या भाचीच्या बाळंतपणात आईनं सहाण काढली नाही. दोन दिवस फुगून होती, मग म्हणाली, "बरं हाय, माझं हात दुखाय लागल्यात आता.")

पण मला ग्रॅम हवा होता. खोड जात नाही. पुढच्या सोमवारी शॉप बंद होतं. एक नवं जायफळ उन्हात खडखडीत वाळवून घेतलं आणि गुजरीत गेलो. तिथल्या एका सराफाकडं माझा जुना दोस्त कारागीर आहे. सोन्याच्या काट्यावर जायफळ ठेवल्यावर त्यानं काय तोंड केलं ते सांगत बसत नाही. साडेपाच ग्रॅम भरलं. घरी येऊन आईच्या देखरेखीखाली त्याचे मोजून ५० वेढे उगाळले, परत दोन दिवस उन्हात टाकलं आणि परत गुजरी. ५० वेढ्यांना एका ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग झिजला होता. म्हणजे एका वेढ्याला अडीच मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. हात जड असला, दगड खरखरीत असला तर फरक पडेल, प्रयोगशाळेचा दाखला नाही हा. पण हिशेब सरळ आहे. दोन वेढे म्हणजे ५ मिलिग्रॅम. मी त्या रात्री घेतलं ५ ग्रॅमच्या पुढं. आईच्या मापानं हजार रात्रींचं जायफळ मी एका पेल्यात प्यालो होतो.

किसणीनं घात केला, असं माझं मत आहे. सहाणेवर चुकून जास्त घेणं जमतच नाही. जायफळ कठीण, दगड कठीण, हात भरून येतो. अख्खं जायफळ उगाळायचं म्हटलं तर दोन हजारांवर वेढे घालायला लागतील, आणि तोपर्यंत माणूस दमून तसाच झोपेल. किसणीला, मिक्सरला आणि त्या गोळीला ती अडचण नाही. गोळीत तर अर्क असतो, म्हणजे कितीतरी मुळी आटवून एका टोपणात. ती गिळायला एक घोट पाणी पुरतं.

आणि ५ मिलिग्रॅम जायफळानं झोप येते का? मला दाट शंका आहे. आईला अजिबात नाही. ह्या विषयावर आमच्या घरात शांतता राखली जाते.

आकड्याची गोष्ट निघाली म्हणून तालीम आठवली. दोन वर्षं मी आमच्या पेठेतल्या तालमीत जात होतो. पैलवान झालो नाही, एक कान तेवढा थोडा मोडला. तिथं थंडाई घोटायला वस्ताद स्वतः बसायचे. रात्री भिजत घालून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे, सगळं दगडी कुंडीत घालून लाकडी सोट्यानं घोटायचं. सोटा फिरायचा तसा आधी खरखर आवाज, मग चिकट, मग एकदम मऊ, लोण्यात हात फिरावा तसा. आवाज बदलला की दूध. नव्या पोराला पाच बदाम. जोर-बैठकांचा आकडा वाढला तरच बदामाचा आकडा वाढणार. माझ्याबरोबरच्या एका पोरानं घरनं पिशवी भरून बदाम आणले आणि जास्त घालायला सांगितले, तर वस्तादांनी पिशवी ठेवून घेतली आणि त्याला म्हणाले, "आधी रग जिरव, मग बदाम माग." बदाम पुढं महिनाभर सगळ्यांना पुरले. दुपारी तालमीच्या माडीवर पैलवान घोरत पडायचे ते कौलं थरथरायची. बाहेरचे लोक म्हणायचे, थंडाईची झोप. आत असणाऱ्यांना हजार बैठका दिसायच्या.

आता औषधांच्या दुकानाचं. महाद्वार रोडच्या आसपास काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. तिथं गेलात की पहिला प्रश्न असतो, "पूजेला का औषधाला?" कारण हळकुंड, वेखंड, नागरमोथा दोन्हीकडं चालतं. एप्रिल-मेमध्ये तिसराही प्रश्न असतो, "का चटणीला?" कांदा-लसूण चटणीचा वर्षाचा मसाला करायला निघालेल्या बायका दगडफूल, नागकेशर, जायपत्री, बादियान तिथंच घेतात. एकाच काउंटरवर कुणाच्या पित्ताचं, कुणाच्या सत्यनारायणाचं आणि कुणाच्या तांबड्या रश्श्याचं सामान एकाच कागदाच्या पुड्यांत बांधलं जातं. माझ्या लेखी कोल्हापुरातलं सगळ्यात भारी वासाचं ठिकाण. बाटलीतली गोळी घ्यायची नाही पण मुळी आणायला काय हरकत, म्हणून मी तिथनं अश्वगंधा आणली. फिकट पिवळसर, करंगळीएवढ्या कांड्या. मोडून वास घ्या, नाव कसं पडलं ते कळेल. जोतिबाच्या यात्रेत घोड्याशेजारी उभं राहिल्याचा वास. तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा 'सोम्निफेरा' आहे, म्हणजे झोप आणणारी.

मी आणली माझ्यासाठी, पण तीन दिवसांनी बायकोच घ्यायला लागली. "थकवा वाटतोय, घरात आहेच तर." तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. शुक्रवार पेठेत आमच्या ओळखीच्या वैद्यबाई आहेत, त्यांच्याकडं मी माझी झोपेची तक्रार घेऊन गेलो तेव्हा हे सहज बोलून गेलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून बंद करायला सांगा. अश्वगंधेनं थायरॉइडचं प्रमाण वर सरकू शकतं, आणि त्या आधीच गोळी घेताहेत. क्वचित कुणाच्या लिव्हरलाही त्रास होतो. गर्भारपणात तर नकोच." मग जरा थांबून म्हणाल्या, "झोपेसाठी अश्वगंधेचे अभ्यास झालेत, थोडाफार फायदाही दिसलाय, मी स्वतः देते. पण आधी माणूस बघते. तुमच्याकडं ड्रॉइंग न बघता जॉब लावतात का मशीनला?"

नाही लावत.

मग माझ्याकडं वळल्या. "चहा किती होतो दिवसाला?"

"मोजला नाही कधी."

"मायक्रॉन मोजता ना?"

उद्यमनगरात चहा मोजायची पद्धत नाही. पार्टी आली चहा, पार्टी गेली चहा, लाइट गेली चहा, लाइट आली तर आनंदानं चहा. दुसऱ्या दिवशी खिशात खडू ठेवला आणि ग्राइंडरच्या बॉडीवर रेघा मारत गेलो. संध्याकाळी ११ रेघा होत्या. शेवटची रात्री साडेआठची. वैद्यबाईंनी सांगितलेलं गणित असं, की चहातलं कॅफिन शरीरातनं निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. म्हणजे साडेआठच्या कपातलं निम्मं दीड वाजता अजून रक्तात फिरतंय. आणि मी अडीचला उठून जायफळाला शिव्या देत होतो.

त्यांनी औषध काय दिलं? चारनंतर चहा बंद. हात मोकळा राहत नसेल तर गवती चहा नुसत्या पाण्यात उकळून, आल्याचा तुकडा टाकून, पत्ती न घालता. आमच्या मोरीजवळ गवती चहाचं बेट आहेच, दोन पाती तोडली की बोटांना धार लागते पण वास संध्याकाळभर राहतो. आणि झोपायच्या आधी तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळायचं. हे आईला इतकं आवडलं की वैद्यबाईंबद्दल तिचं मत कायमचं चांगलं झालं. वाटी फिरवल्यावर तळपाय काळे होतात, त्याला आई "उष्णता निघाली" म्हणते. मला ठाऊक आहे ते काशातलं तांबं आहे, तेला-तुपानं आणि घासण्यानं अंगाला लागतं. मी बोलत नाही. पाय आईच्या हातात असताना कोण वाद घालणार?

ह्याच दिवसांत पोराची बारावी जवळ आली. परीक्षेला तीन आठवडे, आणि साहेबांनी स्वतःच्या पैशानं ब्राह्मीची बाटली मागवलेली. "पप्पा, फोकस वाढतो." मग मी माझ्या वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला घरी बोलावलं. तो आला, आमच्या दारातल्या कुंडीकडं बघितलं आणि हसला. आई जिला वर्षानुवर्षं ब्राह्मी म्हणत होती, जिचं माक्याबरोबर तेल काढत होती, ती गोल, किनारीला नक्षी असलेल्या पानांची वेल म्हणजे मंडूकपर्णी. बाटलीतली ब्राह्मी म्हणजे दुसरीच, पाणथळ जागी जमिनीलगत पसरणारी, बारक्या जाडसर पानांची, फिकट फुलांची. महाराष्ट्रात दोन्ही ब्राह्मी ह्याच नावानं विकल्या जातात. शंखपुष्पीचं तर विचारूच नका, म्हणाला, ह्या प्रांतात एक आणि त्या प्रांतात दुसरीच. पोराला त्यानं सांगितलं की पाणब्राह्मीवर अभ्यास झालेत, पाठ केलेलं आठवण्यात थोडी सुधारणा दिसली, पण रोज घेऊन साधारण तीन महिन्यांनी. "तुझी परीक्षा तीन आठवड्यांवर. म्हणजे निकाल लागताना तुला सगळं आठवायला लागेल." पोरगं बाटली घेऊन आत गेलं. फोन मात्र स्वतः होऊन आईकडं ठेवायला दिला, दिवसाचे पाच तास. ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मित्र जेवायला थांबला आणि मी त्याला म्हणालो, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात असं सगळे म्हणतात, मग माझ्याच वाट्याला हे कसं आलं? तेव्हा त्यानं सर्पगंधेची गोष्ट सांगितली. झोपेसाठी, डोकं शांत करायला ही मुळी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वापरात. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातनं रेसरपिन वेगळं काढलं. रक्तदाबाची गोळी झाली, मनोरुग्णांनाही देऊ लागले. पण काही रोग्यांत खोल उदासी दिसू लागली, मात्रा कमी करत करत पाव मिलिग्रॅम आणि त्याच्याही खाली आणावी लागली. पाव मिलिग्रॅम! मी भाकरीचा घास हातात धरून बसलो. एका मुळीच्या पोटात मायक्रोमीटरनं मोजायची चीज होती. ज्या मुळीत गुण आहे तिच्यात जोर आहे, आणि जोर आहे तिथं टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलेलं चालेल त्याची हद्द, आलाच.

झोपेचं पुढं काय झालं, ते सांगतो. तीनेक आठवड्यांत अडीचची जाग कमी होत गेली. कशानं, ते विचारू नका. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे, एका वेळी एकच ऑफसेट, म्हणजे मशीनचं एकच सेटिंग बदलायचं, नाहीतर जॉब का सुधारला ते कळत नाही. मी चारनंतरचा चहा बंद केला, तळपायाला तूप लावलं, रात्री जेवल्यावर गंगावेशीपर्यंत चालत जायला लागलो आणि त्याच महिन्यात पार्टीचं अर्धं बिल निघालं. सगळे ऑफसेट एकदम. माझा अंदाज विचाराल तर चहा आणि बिल. आईचा अंदाज जायफळ.

हो, जायफळ चालू आहे. पण ते आता माझ्या हातात नाही. किसणी लपवलेली आहे. रात्री दहाला आई सहाण काढते, चमचाभर दूध ओतते आणि दोन वेढे घालते. परवा सहाण धुवून उपडी ठेवली होती म्हणून मी सहज उचलली. मधोमध खळगा पडलाय. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून शॉपमध्ये नेली, सरफेस प्लेटवर ठेवली आणि डायल लावला. कडेपेक्षा मध्य ४ मिलिमीटर आणि वर १२ शतांश खाली. चार बायकांचे हात, सत्तर-ऐंशी वर्षं, ओलं हिरडा-जायफळ. एवढ्या मऊ घासणीनं दगडाचं एवढं मटेरियल निघतं, हे माझ्या कामगारांनाही खरं वाटेना. मशीन रिकामंच होतं. अर्ध्या तासात वरची बाजू सपाट, आरशासारखी करून मिळाली असती.

नशीब, आधी आईला फोन केला.

"हात तर लावून बघ!" ती ओरडली. "त्यो खळगा बुजवलास तर मग दूध किती घ्यायचं त्ये कशानं कळणार मला?"

संध्याकाळी सहाण जशीच्या तशी घरी आणून फळीवर ठेवली. दहा वाजता तिनं खळगा भरेपर्यंत दूध ओतलं, काठाला आलं तशी हात आवरला, आणि जायफळ उचललं.